लुप्त तारकेची रहस्यकादंबरी: सोनेगाव १९५३, महालातला डबा आणि रिळाची कड

कच्चा_खर्डा

रहस्यकादंबरीचा खर्डा १४ प्रकरणांपर्यंत आलाय. पुढं जाण्याआधी जाणकारांनी भोकं दाखवावीत म्हणून हा धागा.

डिसेंबर १९५३. बोलपटांच्या पहिल्या दशकात गाजलेली, आता चाळिशी ओलांडलेली एक तारका रात्रीच्या डाक विमानानं मुंबईहून कलकत्त्याला निघते. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री विमान बदलायचं असतं. मुंबईच्या विमानातून उतरताना तिला चारजण बघतात, कलकत्त्याच्या विमानात मात्र ती चढतच नाही. सूटकेसमध्ये तिच्या शेवटच्या, कधीच प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाची निगेटिव्ह असते. महिनाभरात मुंबईतलं गोदाम जळतं आणि त्या चित्रपटाचं काहीच उरलं नाही असं सगळे धरून चालतात.

मे २०२४. नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडताना माळ्यावर पत्र्याचा डबा सापडतो, आत एक रीळ. तारकेची पणतभाची एका बंद टॉकीजच्या जुन्या ऑपरेटरकडून ते पडद्यावर चालवून घेते. शेवटच्या दृश्यात तारका थेट कॅमेऱ्यात बघून एक वाक्य बोलते आणि त्यावरून खुनी कळतो.

तीन प्रश्न. डबा ७० वर्षं टिकेल का? विमानतळावरून गायब होणं पटतं का? तिच्या मुंबईच्या घरावरचा वारसांचा दावा कायद्यात कसा बसवायचा?

रीळवेडा

डब्यापासून सुरू करतो, कारण तुमची कादंबरी तिथंच पेट घेते. अक्षरशः.

१९५३ चं रीळ नायट्रेट असेल किंवा ॲसिटेट, म्हणजे फिल्मची पट्टी (बेस) या दोहोंपैकी एका पदार्थाची. कोडॅकनं नायट्रेट बनवणं १९५१ च्या सुमारास थांबवलं, पण शिल्लक माल पुढंही वापरात होता, तेव्हा दोन्ही चालेल. नायट्रेट धरलं तर मात्र माळा चालणार नाही. नायट्रेटला जळायला बाहेरची हवा लागत नाही, ऑक्सिजन त्याच्या अंगातच असतो. वाळू टाका, पाणी ओता, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. धड अवस्थेतली फिल्म १७० अंशांच्या आसपास पेटते. कुजलेलं रीळ बंद डब्यात ४१ अंशांवर बरेच दिवस राहिलं, तरी आपोआप पेटू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर दुपारी काय तापमान असतं ते या गावात सांगायला नको. आणि असे सत्तर उन्हाळे.

पेटलं नाही तर कुजेल, आणि त्याचा क्रम ठरलेला. आधी चित्र फिकट होऊन तपकिरी पडतं. मग थर चिकट होतो आणि वेटोळी एकमेकांना धरतात. मग पृष्ठभागावर काकवीसारखे फुगे येतात, पुढं सगळ्याचा एक घट्ट गोळा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. तुमच्या पणतभाचीच्या हाती बहुधा ही भुकटीच येईल.

ॲसिटेट धरलं तर आग नाही, आंबट वास आहे. बेसमधून ॲसेटिक ॲसिड सुटतं, त्यालाच व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला नवी फिल्म सुमारे ४० वर्षांत आंबायला लागते. माळ्यावर त्याच्या कितीतरी आधी. एकदा सुरू झालं की सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ते कोंडून राहिल्यानं आणखी. फिल्म आकसते, कडा लहरतात, इमल्शन (चित्र धरणारा थर) सुटतं. तरी चित्र दिसण्याइतकं उरू शकतं. म्हणून तुमचं रीळ ॲसिटेटच करा, वाड्यात तळमजल्याची अंधारी खोली शोधा, आणि झाकण गंजून एका बाजूनं उचललेलं दाखवा. वायू निघून जायला वाट राहिली म्हणूनच ते टिकलं. वाचकाला वाटेल डबा खराब झाला होता; खरं तर त्या गंजानंच रीळ वाचवलं.

मोगरा_धरमपेठ

कडेला सेफ्टी (सहज न पेटणारी फिल्म) असं लिहिलेलं असलं की रीळ सुरक्षित ना? मग एवढा खल कशाला?

रीळवेडा

@मोगरा_धरमपेठ, ती सेफ्टी आगीपुरती. आंबण्यापासून कसलीच हमी नाही.

कार्बनकांडी

ऑपरेटरचा प्रसंग काढून टाका. टॉकीजमधल्या कुठल्याही शहाण्या ऑपरेटरनं ते रीळ मशिनवर चढवलं नसतं.

आधी छिद्रांचं माप घेतात. ३५ मिमी पॉझिटिव्हच्या (निगेटिव्हवरून छापलेल्या प्रिंटच्या) दोन छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिमी, म्हणजे १०० छिद्रांची लांबी ४७५ मिमी. फिल्म टेबलावर सपाट ठेवायची, ओढायची नाही, आणि पट्टी लावायची. ४७० भरली तर एक टक्का आकसली. एवढी आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाही. दाते छिद्रांच्या कडा फाडत जातात, गेटमध्ये (दिव्यासमोरच्या चौकटीत) फिल्म अडकते, आणि कार्बन आर्कच्या उजेडासमोर एक फ्रेम थांबली की पडद्यावर मध्यभागी तपकिरी डाग फुगताना दिसतो. सेफ्टी फिल्म असेल तर तेवढ्यावर भागतं, वितळते. नायट्रेट असती तर बूथ गेलं. म्हणून तर जुन्या बूथच्या भिंतीतल्या झरोक्यांवर लोखंडी झडपा असत, उष्णतेनं वितळणाऱ्या कडीवर टांगलेल्या. आग लागली की कडी वितळून झडप आपोआप पडायची आणि प्रेक्षकांना ज्वाळा दिसायच्या नाहीत.

खरी पद्धत अशी. टेबलावर हातानं फिरवायचे दोन रिवाइंडर, मध्ये दुधी काच आणि खाली दिवा, हातात नायट्राइलचे मोजे आणि ८ किंवा १० पटीचं भिंग. फिल्म फक्त कडांनी धरायची. वेटोळं चिकटलं असेल तिथं थांबायचं, ओढलं तर इमल्शन शेजारच्या वेटोळ्यावर निघून येतं आणि दोन्ही फ्रेमी जातात. मग स्कॅनिंग, तेही छिद्रांना दाते न लावता रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरवर.

दुसरं भोक याहून मोठं. सूटकेसमध्ये निगेटिव्ह मावत नाही. त्या काळचा चित्रपट १३,००० फुटांचा धरा. मिनिटाला ९० फूट जातात, म्हणजे १४४ मिनिटं. हजार फुटांच्या डब्याचं वजन अडीच-तीन किलो, असे १३-१४ डबे. आणि चित्राची निगेटिव्ह वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्ही मिळून २८ डबे, ७० किलोंच्या वर. डकोटात (त्या काळच्या छोट्या विमानात) बाई ते हातात घेऊन चढल्या असं लिहिलंत तर वाचक पुस्तक मिटेल.

कच्चा_खर्डा

@कार्बनकांडी, हे लागलं. दोन निगेटिव्ह वेगळ्या असतात हे डोक्यातच नव्हतं. मग तिच्या हाती नेमकं काय द्यावं? एकच डबा?

कार्बनकांडी

एकच द्या. शेवटचं रीळ, चित्राची निगेटिव्ह. बाकी २७ डबे असूनही चित्रपट अडतो. चोरीला नेमकेपणा येतो आणि चोरणाऱ्याला धंदा कळतो हेही कळतं.

बर्डीवाला

भाऊ, बाकी मशिनचं तुम्ही लोकं पाहून घ्या, गावाचं मी सांगून राह्यलो. तुमच्या खर्ड्यात इन्स्पेक्टर "महाराष्ट्र पोलीस" म्हणत असंल तर तिथंच गाडी घसरली. १९५३ मध्ये नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं न. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. हायकोर्ट पण नागपूरचं वेगळं होतं, १९३६ पासून. ५६ ले ते जबलपूरले गेलं आणि इथं मुंबईचं खंडपीठ राहिलं. म्हणजे तुमच्या तपासाचे कागद मध्येच राज्य बदलतात. फाईल कोणाकडे राहिली, कोण म्हणते तिकडं पाठवली, कोण म्हणते आलीच नाही. याच्यापेक्षा भारी धागा तुम्हाले फुकटात कुठं भेटणार जी?

दीक्षाभूमीचा पत्ता ५३ मध्ये नका देऊ, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. विद्यापीठाले नुसतं नागपूर विद्यापीठ म्हणा, तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये आलं. तिकीट आण्यात लिहा, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. बातमी द्यायची तं मराठीत तरुण भारत, संपादक माडखोलकर, इंग्रजीत हितवाद, हिंदीत नवभारत. लोकमत नका टाकू, इथला दैनिक लोकमत १९७१ चा.

फोनही पहा. ५३ मध्ये नागपूरहून मुंबईले नंबर फिरवून फोन लागत नव्हता. ट्रंक कॉल बुक करा, बसून राहा, एक्स्चेंजवाली बाई जोडून देईल. देशात पहिली एसटीडी १९६० ची, कानपूर-लखनौ. म्हणजे कोणी कोणाले कॉल केला ते तिसऱ्या माणसाले माहीत असते. रहस्यकथेत हे सोनं आहे.

सोनेगाव_रात्रपाळी

विमानाचा भाग बघतो, कारण या कथानकातली सर्वात चांगली कल्पना तीच आहे आणि ती पुरती वापरलेलीच नाही.

रात्रीची हवाई डाक ३० जानेवारी १९४९ ला सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची, डाकेच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल व्हायचे आणि पहाटेपर्यंत चारी दिशांना परत. म्हणजे सोनेगावला रात्रीचे एक-दोन तास चारी महानगरांची माणसं एकाच धावपट्टीवर. बाहेर काळोख, गाव लांब.

तुम्ही हिला "विमानतळावरून गायब" करता आणि सगळे गावात शोधत बसतात. कशाला? बंद खोलीच्या रहस्यात माणूस बाहेर पडायला दारच नसतं. इथं उलट, दारं चार आहेत आणि चारही एकाच वेळी उघडी. ती कलकत्त्याच्या विमानात चढली नाही एवढंच सिद्ध होतं. मद्रासच्या चढली का? दिल्लीच्या? की ज्या विमानानं आली त्याच मुंबईच्या विमानानं दुसऱ्या नावावर परत गेली? तपासात चारही विमानांच्या प्रवासी याद्या जुळवायला हव्यात. उतरलेले किती, चढलेले किती, पुढच्या गावी उतरलेले किती. कलकत्त्याला एक कमी भरला, हे सगळे बघतील. दुसरीकडे कुठं एक जास्त भरला का, हे बघायला चार शहरांचे कागद एका टेबलावर यावे लागतात, आणि ५३ मध्ये ते येत नाहीत. तुमचा उशीर तिथं आहे.

एक धोका. डिसेंबर १९५३ मध्येच रात्रीच्या डाकेचं एक विमान सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळलं होतं. तो महिना ठेवलात तर जाणकार वाचक विचारणारच की यातल्या कुणी त्या अपघाताचा उल्लेख कसा करत नाही. महिना बदला किंवा अपघात कथेत घ्या. मागं सरकवताना आणखी एक भान ठेवा: ऑगस्ट १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली, त्याआधीच्या तारखेला खाजगी कंपनी दाखवावी लागेल. मी सप्टेंबर ५३ घेतला असता. नवी सरकारी कंपनी, जुने कर्मचारी, याद्यांचे नमुने अजून जुन्या छापाचे. घोळ आपोआप पटतो.

वकीलीण_धंतोली

सात वर्षांचा नियम वर्तमानपत्री समजुतीपेक्षा बारीक आहे. ज्यांना तिची खबर स्वाभाविकपणे लागली असती अशा लोकांना सात वर्षं ती लागली नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात १११. तुमचं वर्तमान मे २०२४ चं आहे, म्हणजे वकिलाच्या तोंडी अजून १०८ च हवं. दोन महिन्यांनी चुकला असतात.

आता मुद्दा. कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नाही. सातव्या वर्षाच्या अखेरीस मेली असंही नाही आणि हरवली त्या दिवशी मेली असंही नाही. तारीख ज्याला हवी त्यानं पुराव्यानं द्यायची. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या प्रकरणात हेच सांगितलं: माणूस बेपत्ता झाल्यावर हप्ते थांबले आणि पॉलिसी बंद पडली, तर तो त्याआधीच मेला होता असं नुसत्या अनुमानावर धरता येत नाही. म्हणून तुमच्या कथेत एखाद्याला ती अमुक दिवसापर्यंत जिवंत होती किंवा नव्हती हे दाखवण्यात आर्थिक रस असू शकतो. घरावरचा २०२४ चा दावा सोडून द्या, परक्या ताब्याला १२ वर्षं उलटली की खाजगी स्थावरावरचा दावा सहसा मुदतीबाहेर जातो. स्वार्थ १९६० च्या दशकात न्या.

चित्रपटाच्या हक्काबद्दलही जपून. आजच्या कायद्यात प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं मोजतात. पण तुमचा चित्रपट १९५७ च्या कायद्याआधीचा आणि प्रदर्शितही न झालेला. तिथं १९१४ चा जुना कायदाही बघावा लागतो. वकिलाच्या तोंडी ठाम वाक्य घालू नका, त्याला "फाईल बघून सांगतो" म्हणू द्या. खरे वकील तेच म्हणतात.

मोगरा_धरमपेठ

सगळं बरोबर असेल, पण वाचकाला तारका हवी आहे, छिद्रांचं माप नको. ती कॅमेऱ्यात बघून बोलते, तो प्रसंगच सुंदर आहे. तो मारू नका.

कार्बनकांडी

सुंदर आहे, पण बोलणार कशी? प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाचं सुटं रीळ म्हणजे बहुधा संकलनाच्या टेबलावरची पॉझिटिव्ह, नुसतं चित्र. आवाज वेगळ्या फिल्मवर. दोन्ही एकत्र छापले की मॅरिड प्रिंट होते. डब्यात पॉझिटिव्ह असेल तर तारका ओठ हलवेल आणि खोलीत शांतता असेल.

मला विचाराल तर हे तुमच्या मूळ प्रसंगापेक्षा सरस आहे. पण निर्णय लेखकाचा.

कडेकडेनं

एवढा वेळ सगळे चित्रात काय दिसतं त्यावर बोलताहेत. पुरावा चित्रात नसतोच. अभिनय खोटा असू शकतो, संवाद लिहून दिलेला असतो. रिळाची कड खोटं बोलत नाही, कारण ती कुणी वाचेल असं कुणाला वाटत नाही.

कडेवर दोन प्रकारचा मजकूर येतो. फिल्म कारखान्यात बनतानाच तिच्या कडेवर कंपनीचं नाव, बेसचा प्रकार आणि खुणा उतरवतात. कृष्णधवल प्रिंटवर ही अक्षरं पारदर्शक कडेवर काळी दिसतात, ती त्या फिल्मची स्वतःची. निगेटिव्हच्या कडेवरचा मजकूर छपाईत प्रिंटवर उतरला तर उलटा होतो, काळ्या कडेवर पांढरी अक्षरं. ती आधीच्या पिढीची. काळी आणि पांढरी एकाच कडेवर एकमेकांवर आली तर काळी वाचता येत नाहीत, म्हणून तुमच्या रिळावर एक कड छापली गेली आणि दुसरी कोरी राहिली असं करा. लॅबच्या प्रिंटरनुसार असं होतं.

बर्डीवाला

कोडॅकच्या कडेवर गोल-चौकोन-त्रिकोण असतात, त्याच्यावरून साल कळते म्हणून ऐकलं. मंग ५३ चं निशाण दाखवलं की झालं काम?

कडेकडेनं

@बर्डीवाला, अर्धंच झालं. त्या खुणा दर २० वर्षांनी फिरून येतात. १९१६ ची खूण १९३६ ला, ५६ ला, ७६ ला तीच. म्हणजे ५३ ची खूण ३३ चीही असू शकते आणि ७३ चीही. शिवाय ते साल फिल्म बनवल्याचं, चित्रीकरणाचं नव्हे. खूण सांगते की चित्रीकरण याच्या आधीचं नाही. त्यानंतर कधीही. चांगला गुप्तहेर आधी चुकतो तो इथंच.

आता कच्चा_खर्डा यांना एक भेट. ऊटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना, स्थापना १९६०, उत्पादन सुरू १९६७. त्यांच्या मालाचं नाव इंदू. कल्पना करा: पणतभाची भिंगातून बघतेय. काळ्या कडेवर पांढऱ्या अक्षरांत कोडॅक, ५३ शी जुळणारी खूण. वा, सगळं जुळलं. रीळ उलटं फिरवून दुसरी कड बघते, तिथं पारदर्शक कडेवर काळ्या अक्षरांत इंदू.

म्हणजे ही प्रिंट १९६७ किंवा त्यानंतर काढली. प्रिंट काढायला निगेटिव्ह लागते. जी निगेटिव्ह १९५३ मध्ये सोनेगावला बाईंबरोबर नाहीशी झाली, ती चौदा वर्षांनी कुणाच्या तरी हातात, लॅबमध्ये, धड अवस्थेत होती.

कच्चा_खर्डा

प्रकरण ११ ते १४ आत्ता फाडली.

रीळवेडा

थांबा, अजून आहे. निगेटिव्हवर दर फुटाला चढत्या क्रमाचा एज नंबर असतो, १६ फ्रेमींना एक. तो प्रिंटवर छापला गेला असेल तर एकाच शॉटमध्ये नंबर सलग यायला हवेत. समजा शेवटच्या शॉटमध्ये ४१२ नंतर थेट ४२७ आला. चौदा फूट गेले, २२४ फ्रेमी, नऊ सेकंदांच्या जरा वर. तारका बोलायला तोंड उघडते आणि पुढच्या फ्रेममध्ये तिची पाठ. ते वाक्य आपण कधीच ऐकणार नाही, पण ते नऊ सेकंदांचं होतं हे कळतं. (शॉट बदलतो तिथं नंबर उडी मारणारच, ते संकलन. म्हणून शॉट अखंड असल्याचं आधी ठसवा, नाहीतर सगळी मजा जाईल.)

कडेकडेनं

आणि कापलं केव्हा, हेही फिल्मच सांगते. उडीच्या जागी नख फिरवायचं. फिल्म सिमेंटच्या (फिल्म चिकटवायच्या द्रवाच्या) जॉइंटला इमल्शन खरवडून एका तुकड्यावर दुसरा चिकटवतात, तिथं जाडी वाढते आणि नखाला पायरी लागते. पायरी लागली तर ही प्रिंट कापली आहे, म्हणजे ६७ नंतर. नख सरळ गेलं आणि फ्रेमच्या हद्दीवर जॉइंटची नुसती रेघ छापलेली दिसली, तर निगेटिव्हच कापली होती, प्रिंट काढण्याच्या आधी. पायरीऐवजी पारदर्शक टेप असेल तर मेहनत न करणारा माणूस, बहुधा आणखी नंतरचा.

कार्बनकांडी

मॅरिड प्रिंट ठेवली तर यावर आवाजाची साक्षही मिळते. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी गेटमधून जाते, मग खाली आवाज वाचणाऱ्या भागाकडे. म्हणून छपाईतच आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेमी पुढं ठेवतात. तयार प्रिंटचा तुकडा कापून जोडला तर जॉइंट आधी गेटमधून जातो, चित्र उडतं. आवाज त्यानंतर २० फ्रेमींनी उडतो, पाऊण सेकंदाहून थोडं उशिरा. निगेटिव्ह कापली असेल तर चित्राची आणि आवाजाची दोन्ही जुळवूनच कापतात, मग दोन्ही एकाच क्षणी उडतात.

म्हणजे पणतभाचीनं नखानं लावलेला शोध स्कॅनवाल्या पोराला कानानं पडताळता येईल. दोघांनी एकमेकांना न सांगता तेच उत्तर काढलं तर वाचक मान्य करतो. @मोगरा_धरमपेठ, तुमचा प्रसंगही राहिला: ती कॅमेऱ्यात बघते, तोंड उघडते. वाक्य तेवढं नाही.

मोगरा_धरमपेठ

हे मान्य. वाक्य नसणं जास्त लागतं.

वकीलीण_धंतोली

तारीख जुळतेय बघा. सप्टेंबर ५३ मध्ये बेपत्ता, सात वर्षं सप्टेंबर ६० ला पूर्ण. ६० नंतर कुणीतरी अनुमानावर मालमत्ता घेतली. ६७ नंतर दुसऱ्या कुणीतरी एकच प्रिंट काढून नागपूरला ठेवली. हे पैशासाठी नाही, हे धमकीसाठी आहे.

जुनी_पुस्तिका

कागदाकडेही बघा. सेन्सॉर प्रमाणपत्र घालू नका, कारण प्रदर्शितच नाही. पण तिच्या आधीच्या चित्रपटांची घालता येतील, त्यांवर रिळांची संख्या आणि फुटांत लांबी असते. १९४३-४५ चा चित्रपट दाखवणार असाल तर लांबी ११,००० फुटांच्या आत ठेवा. युद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण होतं आणि तेवढीच परवानगी होती. त्या काळातला १४,००० फुटांचा चित्रपट म्हणजे काळ्या बाजाराची फिल्म. तुमच्या निर्मात्याचं चारित्र्य एका आकड्यात होईल.

गाण्यांच्या पुस्तिकेत कथासार असतं, पण शेवट मुद्दाम राखलेला. अप्रदर्शित चित्रपटाची पुस्तिका आधीच छापून ठेवलेली असू शकते. तबकड्याही चित्रपटाआधी निघायच्या. १० इंची, ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. लेबलवर कधीकधी गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव असायचं, त्यामुळे "ही तीच आहे" हा पुरावा लेबलवरून देऊ नका. लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर (ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) बघायला लावा.

आणि प्रिंट नागपूरला आली कशी? सीपी बेरार सर्किटच्या (मध्य प्रांत-वऱ्हाडच्या चित्रपट वितरण विभागाच्या) वितरकांच्या कचेऱ्या अमरावती-भुसावळकडे. पेट्या रेल्वे पार्सलनं फिरायच्या. त्या गर्दीत एक जास्तीची पेटी कोण मोजतं? डब्यावर दुसऱ्याच चित्रपटाचं नाव लिहा.

बर्डीवाला

हे झकास. जुन्या प्रिंटी चांदीसाठी विकत होते न, धुऊन चांदी काढायचे. किती मोठमोठे सिनेमे असेच गेले. डब्यावर एखाद्या पडेल सिनेमाचं नाव असलं तं कोणी उघडून पण पाहत नाही, चांदीवाल्याचा पाय तेवढा घरात येऊ देऊ नका.

कच्चा_खर्डा

नवा आराखडा. सप्टेंबर ५३. एकच डबा. चार विमानांच्या याद्या. तळमजल्याची खोली, गंजलेलं झाकण, डब्यावर भलतंच नाव. कडेचा शोध दोन टप्प्यांत: आधी कोडॅकच्या खुणेनं फसणं, मग इंदू. त्यानंतर नख, त्यानंतर आवाज. शेवटचा प्रश्न: डबा सापडतो त्या क्षणी तो नायट्रेट आहे की काय हे पणतभाचीला माहीत नाही. तिनं काय करावं, म्हणजे ती मूर्ख वाटणार नाही?

रीळवेडा

काडी लावून तपासण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत सापडेल, तो तिच्या काकांच्या तोंडी घाला आणि तिला नाही म्हणू द्या. डबा सावलीत, उघड्यावर नेऊन उघडायचा. तोंडाला मास्क, कारण नायट्रेटचा वायू विषारी. १९२९ मध्ये क्लीव्हलंडच्या रुग्णालयात नायट्रेटच्या क्ष-किरण फिल्मा पेटल्या तेव्हा सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली बरीच धुरानं. आंबट वास आला तर ॲसिटेट. वास उग्र, तिखट, आणि रीळ चिकट-तपकिरी असेल तर हात लावायचा नाही. कडेचा मजकूर बाहेरच्या वेटोळ्यावरच दिसतो, उलगडायची गरज नाही. नायट्रेट निघालं तर बसमध्ये, रेल्वेत, कुरिअरनं न्यायचं नाही, वाहतुकीच्या नियमांत ते ज्वलनशील घन पदार्थ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवायचं. १९६४ पासूनची संस्था, आणि तिनंही जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या आगीत बरंच गमावलंय.

नागपूरचा योगायोग वाया घालवू नका. नायट्रेट फिल्मच्या साठवणुकीचे १९४८ चे नियम ज्या खात्याकडे आले, त्या पेसोचं (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं) मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. महालातून स्कूटरवर जाऊन विचारून येता येईल.

कार्बनकांडी

आणि माप घेताना पट्टी स्टीलची. मे महिन्यात महालात प्लास्टिकची पट्टी स्वतःच वाढते, अर्धा मीटरला दोन-चार दशांश मिलिमीटर सहज जातात. इथं सगळी गोष्ट पाच मिलिमीटरवर उभी आहे.